काचपात्रातले दिनमान

पंचांगात दिनमान नावाचा एक रकाना असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत किती घटिका आणि किती पळे, एवढेच तेथे दिलेले असते. मुहूर्त, राहुकाळ आणि चंद्रबळ पाहणारेही ह्या रकान्याकडे सहसा वळत नाहीत, कारण दिवस केवढा असावा हे ठरविणे माणसाच्या हाती नाही. परंतु ज्या घरात माशांची काचपेटी आहे त्या घरात हा अधिकार माणसाने आपल्याकडे घेतलेला असतो. दिवा लावला की तेथे उजाडते आणि मालवला की मावळते. काचेतल्या ह्या जगाला किती घटिकांचा दिवस द्यावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याचा इतिहास मात्र दोन शतकांहून जुना असून त्यात रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पुष्कळ मेलेले मासे आहेत.

मासे पाळण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. वाड्यांच्या चौकातील हौदांत आणि देवळांच्या कुंडांत मासे असत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद आहे, पण त्याचा सारा रोख गळ आणि आमिष ह्यांवर आहे, प्रकाशाचा विचार तेथे नाही, आणि असण्याचे कारणही नव्हते. दगडी हौदात उजेड फक्त वरून येतो, चौकात ऊन घटका-दोन घटका टिकते आणि उरलेला दिवस सावलीत जातो. हौदाचे दिनमान आभाळ आणि वाड्याच्या भिंती मिळून ठरवीत. मासा काचेत आला तेव्हा त्याच्यावर चहूबाजूंनी उजेड पडू लागला. निसर्गातल्या कुठल्याही तळ्यात असे घडत नाही, आणि प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

ह्या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर मासे पाळणाऱ्याने दिले नाही, एका वैद्याने दिले. यान इंगेनहाऊस हा नेदरलंड्‌समधील ब्रेडा गावचा. त्याने १७६८ साली व्हिएन्नाच्या राजघराण्यातील मुलांना देवीची टोचणी केली आणि सम्राज्ञी मारिया थेरेसाची मर्जी संपादन केली. १७७९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मुक्काम असताना त्याने वनस्पतींवर पाचशेच्या वर प्रयोग केले. त्याआधी काही वर्षे जोसेफ प्रीस्टलेने दाखविले होते की, मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा सुधारते. पण ते कधी साधे, कधी साधत नसे. कारण कळत नव्हते. इंगेनहाऊसने पाने पाण्यात बुडविली आणि त्यांवर उठणारे बुडबुडे पाहिले. उन्हात बुडबुडे भरभर येत आणि अंधारात थांबत. त्याने हेही तपासले की हे काम उष्णतेचे नसून प्रकाशाचे आहे, आणि फक्त हिरव्या भागांचे आहे. त्यापुढचे त्याचे निरीक्षण आम्हांला अधिक मोलाचे वाटते. रात्री हीच झाडे हवा सुधारण्याऐवजी थोडीफार बिघडवितात, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे दिवसाचा उपकार आणि रात्रीचा खर्च अशी दोन्ही खाती त्याने एकाच वहीत मांडली होती. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत काचपेटीच्या भोक्त्यांनी त्यातले पहिले खाते तेवढे पाठ केले.

काच स्वस्त होणे ही दुसरी पायरी. इंग्लंडमध्ये काचेवरील अबकारी कर १८४५ साली उठला आणि खिडक्यांवरील कर १८५१ साली गेला. त्याच्या आधीच नॅथॅनिएल वॉर्ड ह्या लंडनच्या डॉक्टराला बंद बाटलीत नेचे आपोआप वाढलेले आढळले होते आणि त्यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या करविल्या होत्या. लंडनच्या धुरात न जगणारी झाडे तेथे जगत. त्याचे पुस्तक १८४२ साली निघाले. झाडाने हवा शुद्ध करायची आणि प्राण्याने ती वापरायची, हा विचार आता वातावरणातच होता. तो पाण्यात उतरविला रॉबर्ट वॉरिंग्टनने.

वॉरिंग्टन लंडनच्या औषधिविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनज्ञ होता. १८४९ साली त्याने सुमारे बारा गॅलनांचे काचपात्र पाण्याने अर्धे भरले, त्यात वाळू, चिखल आणि दगड घातले, फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले. पाणी बदलायचे नाही अशी अट होती. काही दिवस सारे ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. नैसर्गिक तळ्यांत ही साफसफाई कोण करतो ह्याचा विचार करून त्याने पाच-सहा पाणगोगलगायी आत सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि थर दोन्ही खाल्ले, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना खाद्य झाली. १८५० साली त्याने हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे वाचला. प्राणी आणि वनस्पती ह्यांचे परस्परांशी जमविलेले संतुलन, असा त्याचा आशय होता. ‘संतुलित काचपेटी’ ही कल्पना येथून निघाली.

ह्या कथेत एका स्त्रीचे नाव हटकून गळते. पाद्र्याची पत्नी ॲना थिन हिने १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले होते. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राही. पुढे समुद्रवनस्पती ठेवल्यावर हे श्रम हलके झाले. त्या मोलकरणीला वनस्पतींबद्दल काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

फिलिप गॉसचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक १८५४ साली आले आणि लंडनच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत काचपेट्यांची लाट उसळली. आता दिनमानाकडे पाहू. लंडनमध्ये जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांहून मोठा, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस घटिकांचा असतो. डिसेंबरात तो आठ तासांचाही नसतो, म्हणजे पुरत्या वीस घटिकाही भरत नाहीत, आणि त्यावर धूर व धुके. इंदुरात जूनचा मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरचा लहानात लहान पावणेअकरा तासांचा. गोव्यात हे अंतर त्याहून कमी. ज्या समाजात काचपेटीची रीत घडली त्याच्या अंगवळणी हिवाळ्याची ही उजेडाची टंचाई होती. साहजिकच पेटी खिडकीत, मिळेल तेवढ्या उन्हात ठेवावी, असे हौशी मंडळींना वाटले. वसंत आला, ऊन लांबले, आणि त्या पेट्या आठ-पंधरा दिवसांत वाटाण्याच्या आमटीसारख्या हिरव्या झाल्या. उन्हाने पाणी तापले आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे मासे गेले. खिडकीत ठेवलेली पेटी म्हणजे उन्हाळ्यातली चूल, हे उमगायला एक-दोन हंगाम जावे लागले.

वॉरिंग्टनला दोष नेमका दिसला होता. त्याने उतरत्या पाठीची टाकी काढली. मागची बाजू आणि कडेच्या बाजू अपारदर्शक, उजेड फक्त वरून, आणि पाहण्यासाठी तेवढी पुढची काच. आमच्या मते ही टाकी म्हणजे फिरून आलेला दगडी हौद. त्याला पुढून एक खिडकी पाडली आहे, इतकेच. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली उघडलेले मत्स्यगृह मात्र लोखंड आणि काच ह्यांचे बांधलेले होते. फुलझाडांच्या काचघरासारख्या त्या इमारतीत उजेडाची चंगळ होती, आणि तेच तिचे वैगुण्य ठरले.

अंधाराचे महत्त्व ओळखणारा माणूस ह्याच काळात पुढे आला. विल्यम ॲल्फर्ड लॉईड हा लंडनमध्ये मासे, समुद्रवनस्पती आणि टाक्या विकणारा दुकानदार. हिरवे झालेले समुद्रपाणी काही दिवस पूर्ण अंधारात ठेवले तर ते पुन्हा स्वच्छ होते, हे त्याने पाहिले. मग त्याने ह्या एका गोष्टीवर सारी यंत्रणा उभारली. प्रेक्षकांपुढे असलेल्या टाक्यांतील पाण्याच्या कितीतरी पट पाणी जमिनीखालच्या काळोख्या हौदांत ठेवायचे आणि पंपाने ते सतत फिरवायचे. पाण्याचा प्रत्येक थेंब थोडा वेळ उजेडात आणि बराच वेळ अंधारात राहील, असा हा हिशोब. काळोखात शेवाळ वाढत नाही आणि पाणी थंडही राहते. पॅरिसला १८६१ साली उघडलेले मत्स्यालय, १८६४ चे हॅम्बुर्गचे, १८७१ चे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे आणि १८७४ चे नेपल्सचे, ह्या सर्वांच्या बांधणीत त्याचा हात होता. प्रेक्षक अंधाऱ्या दालनात उभा आणि टाकीवर वरून उजेड, ही रचना तेव्हापासून रूढ झाली. १९०९ साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर भारतातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. मे महिन्याच्या सुटीत आजोळी मुंबईस गेलेल्या पुष्कळांना त्या दालनातला तो काळोख आठवत असेल. प्रेक्षकांची सोय म्हणूनच तो सर्वांना दिसतो. लॉईडचा दुसरा, जमिनीखालचा काळोख कुणाला दिसत नाही.

घरगुती पेटीत मात्र संतुलनाची कथा टिकून राहिली. झाडे प्राणवायू देतात, मासे तो घेतात. झाडे पुरेशी असली आणि उजेड भरपूर असला की काम झाले. १९४९ साली न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील जेम्स ॲट्झ ह्यांनी ह्या कथेला उघडपणे भ्रम म्हटले. त्यांचे म्हणणे असे की, पाण्याला प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागातून, हवेच्या स्पर्शाने मिळतो; झाडे दिवसा मदत करतात, पण रात्री माशांबरोबर तीही श्वास घेतात. झाडांनी गच्च भरलेल्या पेटीतले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे वासतात, ते ह्यामुळेच. इंगेनहाऊसच्या वहीतले दुसरे खाते १७० वर्षांनी उघडले गेले. पण काही हौशी लोकांनी त्यावरून उलटाच अर्थ काढला: रात्र जर अशी घातकी असेल, तर रात्रभर दिवा का ठेवू नये?

तसा दिवा ठेवणे आता शक्यही झाले होते. विजेचा तारेचा दिवा पेटीवर आला, पण तो प्रकाशाहून उष्णताच अधिक देतो. १९३८ साली अमेरिकेत ट्यूबलाईट बाजारात आली आणि थंड, लांब, पेटीच्या आकाराला जुळणारा उजेड मिळाला. उजेडाचा रंगही विचारात येऊ लागला. एंगेलमानने १८८२ साली शेवाळाच्या तंतूवर प्रकाशाचा सप्तरंगी पट्टा पाडला होता, तेव्हा प्राणवायूचे लोभी जंतू तांबड्या आणि निळ्या भागांत गर्दी करून बसले. तांबडी-निळी झाक असलेल्या खास नळ्या पुढे ह्याच ज्ञानाच्या जोरावर विकल्या गेल्या. रंगांचा हा विषय मोठा आहे; आमचा संबंध तासांशी.

तासांचे रहस्य तंबाखूने उलगडले. वॉशिंग्टनजवळ सरकारी शेतीसंशोधन करणारे गार्नर आणि ॲलर्ड ह्यांच्यापुढे तंबाखूचा एक वाण होता. उन्हाळ्यात तो पुरुषभराहून उंच वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र बुटकाच राहून फुले. खत, पाणी, उष्णता सारे तपासून झाल्यावर १९१८ च्या जुलैमध्ये त्यांनी झाडांच्या कुंड्या रोज दुपारी एका अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवण्यास सुरुवात केली. दिवस कृत्रिमरीत्या आखूड झाला आणि भर उन्हाळ्यात झाडे फुलली. १९२० साली हे प्रसिद्ध झाले. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर ह्यांनी गोखरूच्या झाडावर पुढचे दाखविले: झाड खरे तर रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला तर ती रात्र त्याच्या हिशोबी जमाच होत नाही. आमच्या पंचांगकर्त्यांनी दिनमानाशेजारी रात्रिमानही छापावे, असे ह्या ठिकाणी सुचवावेसे वाटते.

माशांनाही हे कळते. दिल्ली विद्यापीठात सुंदरराज आणि सहगल ह्यांनी शिंगी माशावर केलेले काम १९७० साली प्रसिद्ध झाले. आपल्या डबक्यांत राहणारा हा मासा पावसाळ्यात अंडी घालतो. पण त्याच्या अंडाशयाची पूर्वतयारी उन्हाळ्यातल्या मोठ्या होत जाणाऱ्या दिवसांनी पुढे सरकते. गंगेच्या प्रदेशातून फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली वर्णिलेल्या, अंगावर निळे पट्टे असलेल्या झेब्रा माशाची गोष्ट ह्याहून नवलाची आहे. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर ह्यांनी त्याला आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी निवडले, आणि आज आपल्या हैदराबादेतील सी.सी.एम.बी.सह जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. त्याचे ठरलेले दिनमान चौदा तास उजेड आणि दहा तास अंधार, म्हणजे पस्तीस घटिका आणि पंचवीस घटिका. दिवे लागले की थोड्याच वेळात मादी अंडी घालते. त्याची ती पहाट. त्यामुळे संशोधकांचा कामाचा दिवसही त्या दिव्याच्या बटणाने बांधला जातो. रात्रभर दिवा ठेवणाऱ्यांना ह्यात उत्तर आहे. माशाला पापण्या नसतात. डोळे मिटून घेण्याची सोय त्याला नाही. अंधार झाला तरच त्याला विसावा मिळतो.

प्रवाळांची मागणी उलट होती. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्यांच्या अन्नावर प्रवाळ जगतो. त्याला कडक उजेड हवा. १९६१ साली जाकार्तातील ली चिन एंग ह्यांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि विषुववृत्ताजवळचे फुकट ऊन एवढ्यावर प्रवाळ राखण्याची रीत प्रसिद्ध केली. युरोप-अमेरिकेत तेवढ्यासाठी विजेचे भारी दिवे जाळावे लागत. येथे आमच्या वडोदेकर वाचकांसाठी एक आठवण: बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेलकडून ओखामंडळाच्या समुद्रजीवांचा अहवाल करविला, त्याचे भाग १९०९ आणि १९१६ साली निघाले. प्रवाळांचा तो किनारा बडोदे संस्थानचा होता, हे आता फारसे कुणाच्या स्मरणात नाही.

गोड्या पाण्यातील बागेला जपानच्या ताकाशी अमानो ह्यांनी कलेचा दर्जा दिला. त्यांचे पुस्तक १९९२ चे. निळ्या एल.ई.डी.साठी २०१४ चे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले ते हिरोशी अमानो वेगळे, तरी त्यांच्या दिव्यामुळे काचपेट्या उजळल्या हे खरेच. प्रखर दिवे आले तसे कर्बवायू पाण्यात सोडावा लागू लागला, कारण उजेड वाढला की झाडाची भूकही वाढते आणि ती न भागली तर शेवाळाचे फावते. अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड ह्यांनी साधा मार्ग सांगितला. १९९९ च्या पुस्तकाने त्या ओळखल्या गेल्या. सकाळी चार-पाच तास दिवा, मग मध्यान्ही चार तास विश्रांती, मग पुन्हा चार-पाच तास. सकाळच्या उजेडात झाडे पाण्यातला कर्बवायू संपवितात. विश्रांतीत मासे आणि मातीतले जंतू तो पुन्हा भरून काढतात. उन्हाळ्यात दुपारी दारे लावून पडणाऱ्या माळव्याला ही रीत परकी वाटू नये.

आज अनुभवी लोक झाडांच्या पेटीला दिवसाला आठ ते दहा तास सांगतात, नव्या पेटीला सहाच, आणि झाडे नसलेल्या पेटीला त्याहूनही कमी चालते. अमेझॉनच्या प्रदेशात बारमाही तीस घटिकांच्या आसपास दिवस असतो, मग आठ तास का, असे कोणी विचारील. तेथे रानाची सावली असते आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे पडते. पेटीवरचा दिवा मात्र पहिल्या क्षणापासून माथ्यावर असतो. दिवस कोणत्या वेळी सुरू करावा ह्याला बंधन नाही. मंडळी सायंकाळी घरी येणार असतील तर दुपारी दोनला उजाडून रात्री दहाला मावळले तरी चालते. नेम मात्र रोज तोच हवा. आपल्या भातखाचरांत उगवणारी अंबुली मत्स्यव्यापारात ‘अँब्युलिया’ म्हणून विकली जाते. काही आठवडे नेम पाळला की दिवा मालवण्याच्या अगोदरच तिचे शेंड्याचे पान मिटू लागते. आणि दिवा एकदम भगभगीत लागला तर मासे बिथरून काचेवर आपटतात. म्हणून आधी खोलीतला दिवा लावून मग पेटीचा लावावा.

नेम राखण्यासाठी टायमर असतो. २००० च्या दशकात भारनियमन ऐन भरात होते, तेव्हा मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रातही दिवसाचे कित्येक तास वीज नसे. चाकाच्या टायमरची मोटर विजेवर चालते. वीज गेली की त्याचे घड्याळ थांबते आणि वीज आली की तेथूनच पुढे सरकते. रोज तीन तास वीज जाणाऱ्या घरात माशांचा दिवस रोज तीन तास पुढे ढकलला जाई आणि चार दिवसांत त्यांची मध्यरात्र आपल्या मध्यान्ही येई. आतमध्ये छोटी बॅटरी असलेला अंकांचा टायमर वेळ विसरत नाही. चाकाचाच वापरायचा झाला तर दर वेळी वीज परत आल्यावर घड्याळ पाहून ते चाक हाताने फिरवून ठेवावे.